घण तोच, दगड तोच. जात मात्र निराळी

दरवर्षी १ नोव्हेंबरला आपण काळा दिन पाळतो. १९५६ साली आखलेल्या रेषेने आपल्या शाळेची, कचेरीची भाषा बदलली, ही आपली व्यथा न्याय्यच आहे. परंतु हीच रेषा ओलांडताच ज्यांचा सामाजिक दर्जाच बदलतो, त्यांच्याविषयी आपल्या व्यासपीठांवरून क्वचितच कोणी बोलते.

काही वर्षांपूर्वी मूळचे गोकाककडचे एक वडार गृहस्थ माझ्याकडे आले. वीस वर्षे ते कागल परिसरात दगड फोडत होते. मुलाच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा होता. वडार कर्नाटकात अनुसूचित जातींत मोडतात, महाराष्ट्रात विमुक्त जातींत. त्यामुळे कर्नाटकातील दाखल्यावर महाराष्ट्रात सवलत मिळेना. आणि तेथील विमुक्त जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. तो ते कोठून आणणार? "वकीलसाहेब, घण तोच, दगड तोच, मग जात कशी बदलली?" या प्रश्नावर माझ्यापाशी कलमे होती, उत्तर नव्हते.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४१ व ३४२ प्रमाणे या याद्या राज्यनिहाय ठरतात. स्थलांतरिताबरोबर हा दर्जा परराज्यात जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० साली मर्री चंद्रशेखर राव प्रकरणी स्पष्ट केले. मागासलेपण प्रदेशागणिक भिन्न असते, हा त्यामागील तर्क दूरच्या दोन प्रांतांना लागू पडेलही. दूधगंगा-वेदगंगेच्या एकाच खोऱ्यात तो टिकत नाही. बंजारा समाज तर तेलंगणात अनुसूचित जमात, कर्नाटकात अनुसूचित जात आणि महाराष्ट्रात विमुक्त जात आहे. हा भेद केवळ नावाचा नव्हे. अनुसूचितांना लोकसभा-विधानसभेत राखीव जागा आहेत, विमुक्तांना नाहीत.

याद्यांत बदल करण्याचा अधिकार केवळ संसदेला आहे. तो मार्ग लांबचा. पण विमुक्तांसाठीची १९६१ ची अट सीमेलगतच्या स्थलांतरितांपुरती शिथिल करावी, ही मागणी राज्य शासनाकडे आजच करता येईल. आपल्या पुढील निवेदनात ती समाविष्ट व्हावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

वडारांची घरची बोली तेलुगूच्या जवळची. म्हणून ते ना मराठीच्या मोजणीत येतात, ना कन्नडच्या. भाषेच्या नावाने न्याय मागणाऱ्यांनी तो केवळ आपल्या भाषेपुरता मागितला, तर त्या मागणीला न्याय म्हणता येणार नाही.