पडद्याशेजारचा माणूस



गरीब देशांतील शेतकऱ्यांसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्था आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या मोबाइल-सल्ल्याकडे वळत असून, त्यामुळे गावपातळीवरील माणसांवरचा खर्च वाचेल, अशी मांडणी केली जाते. ज्या अनुभवाचा तिला आधार दिला जातो, तो नीट तपासल्यास तिच्याच विरोधात जातो.

‘डिजिटल ग्रीन’चे उदाहरण घ्यावे. बंगळुरूतील मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये २००६ साली रिकिन गांधी यांनी सुरू केलेला हा प्रकल्प पुढे स्वतंत्र संस्था होऊन इथिओपियापर्यंत पोहोचला. कर्नाटकातील १६ गावांत (त्यांपैकी आठ तुलनेसाठीची) १३ महिने चाललेल्या पहिल्या चाचणीत स्थानिक शेतकऱ्यांनाच घेऊन केलेल्या चित्रफिती दाखवल्या गेल्या. कार्यकर्त्याने बांधावर जाऊन सल्ला देण्याच्या रूढ विस्तारपद्धतीपेक्षा काही सुधारित पद्धतींचा स्वीकार त्यामुळे सातपट झाला आणि खर्चाच्या मानाने परिणाम दहापट दिसला. हे आकडे वारंवार सांगितले जातात; गावातलाच एक मानधनावरील मध्यस्थ फीत मध्येच थांबवून प्रश्न विचारीत असे, शंका ऐकून घेत असे आणि कोणी काय करून पाहिले याची नोंद ठेवीत असे, हे मात्र मागे पडते. प्रेक्षकांना आधी जाणून घ्यायचे असे ते फितीतल्या शेतकऱ्याचे नाव आणि गाव. सहाध्ययन, म्हणजे सारख्या परिस्थितीतील लोकांनी एकमेकांकडून शिकणे, ते हेच. चित्रफीत त्याचे निमित्त होती.

याच चाचणीवरील शोधनिबंधाचे एक सहलेखक केंटारो तोयामा यांनी २०१५ च्या ‘गीक हेरेसी’ या पुस्तकात तंत्रज्ञान केवळ असलेल्या मानवी क्षमतेला बळ देते, नसलेली निर्माण करत नाही, असा निष्कर्ष मांडला, ही बाब निधी देणाऱ्यांनी दुर्लक्षिण्यासारखी नाही. पेरूमध्ये मुलांना लाखो लॅपटॉप वाटल्यानंतर ग्रामीण भागातील ३१९ प्राथमिक शाळांच्या अभ्यासात गणित व भाषेच्या गुणांत सुधारणा आढळली नाही. उलट इंडोनेशियात १९८९ पासून अन्न व कृषी संघटनेच्या पुढाकाराने शेतकरी भातखाचरात नियमित जमून तपकिरी तुडतुडे आणि त्यांना खाणारे मित्रकीटक स्वतः मोजू लागले, तेव्हा हाताशी कोणतेही उपकरण नव्हते. महाराष्ट्राच्या कृषी विभागाला परिचित असलेली ‘शेतीशाळा’ त्याच परंपरेतली आहे.

मोबाइलवरील सल्ला निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. अवेळी, स्वतःच्या भाषेत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तत्काळ मिळणे ही सोय मोठी आहे. परंतु शेतकऱ्यामागे ३५ डॉलर लागणारा खर्च चित्रफितींनी साडेतीन डॉलरवर आणला आणि नवे तंत्र तो ३५ सेंटवर आणेल, असा हिशेब मांडला जातो, तेव्हा शेवटच्या पायरीवर नेमके काय वगळले हे कोणीतरी विचारायला हवे. दिलेली उत्तरे मोजणे सोपे असते. ती ऐकून किती शेतांत बियाणे वेगळ्या रीतीने पेरले गेले, हे मोजण्यासाठी पुन्हा माणूसच लागतो. म्हणून निधी देणाऱ्या संस्थांनी आपल्या वार्षिक अहवालात दोन आकडे सक्तीचे करावेत: प्रत्यक्ष स्वीकारलेल्या पद्धतींची शेतावर जाऊन पडताळलेली संख्या आणि मध्यस्थांच्या मानधनावर झालेला खर्च.

— एक वाचक