कॉफीचा चोथा हे खत नव्हे

कॉफीचा उरलेला चोथा गुलाबाच्या बुंध्याशी टाका नि आठवड्यात कळ्या बघा, हा सल्ला आता इतका रूढ झाला आहे की त्यावर शंका घेणारा कॉफीद्वेष्टा ठरतो. मी कॉफी आवडीने पितो आणि चोथा वाया जाऊ नये असेच माझेही मत आहे. पण तो ओलाच कुंडीत उपडा केला म्हणजे सत्कारणी लागला, हे मला मुळीच मान्य नाही.

पहिला दावा आम्लतेचा. कॉफी आंबटसर, म्हणून चोथा आम्लधर्मी, म्हणून झाडांना मानवणारा! मुळात ही आम्ले पाण्यात विरघळतात आणि बरीचशी डिकॉक्शनबरोबर पेल्यात उतरतात. मागे राहिलेल्या चोथ्याचा सामू बहुधा साडेसहाच्या आसपास, म्हणजे जवळजवळ उदासीनच असतो. शिवाय हा सल्ला मूळचा ब्लूबेरी आणि अझेलिया अशी आम्लधर्मी माती मागणारी झाडे लावणाऱ्यांचा. आपल्या गॅलरीत मोगरा, जास्वंद नि कढीपत्ता. देशावरची काळी माती अल्कधर्मी असते हे खरे, पण मूठभर चोथ्याने ती बधत नाही. कोकणातली जांभ्याची माती तर आधीच आम्लधर्मी, तिथे या युक्तिवादाचे कामच काय?

दुसरा दावा अधिक वजनदार आहे: चोथ्यात नत्र असते. असते, साधारण दोन टक्के. शेणखतातही एवढे नसते. मात्र शेणखत कुजून मुरलेले असते आणि चोथा कच्चा. त्यातले नत्र प्रथिनांत अडकलेले. जिवाणूंनी ते फोडल्याशिवाय मुळांना मिळत नाही. मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्रोकोली, मुळा, सूर्यफूल अशा रोपांच्या मातीत थेट चोथा मिसळून पाहिला. मातीची पाणी धरून ठेवण्याची ताकद वाढली, पण रोपे खुरटली. वरून खत देऊनही खुरटलीच. म्हणजे प्रश्न फक्त नत्राच्या तुटवड्याचा नव्हता. कच्च्या चोथ्यातले काही घटकच रोपांना बाधत असावेत, असा त्यांचा कयास.

मातीवर चोथ्याचा जाड थर दिला तर काय होते, तेही पाहा. बारीक कण ओले असताना एकमेकांना बिलगतात, दोन-चार दिवसांत वर पांढरी बुरशी धरते, आणि थर वाळला की त्याचा कडक पापुद्रा होतो. वरून घातलेले पाणी त्यावरून घरंगळत कुंडीच्या कडेने खाली तबकात जाते. तबक भरलेले पाहून आपण समाधानाने आत वळतो, मुळे कोरडीच.

चोथ्याने गोगलगायी पळतात म्हणावे, तर हवाईतल्या प्रयोगांत त्यांना मारायला एक-दोन टक्के कॅफीनचे द्रावण लागले होते. धुऊन निघालेल्या चोथ्याकडून तेवढ्या पराक्रमाची अपेक्षा करू नये.

मग टाकून द्यायचा का? छे! हे दुसरे टोक तितकेच आळशी. चोथा हा खताचा उत्तम कच्चा माल आहे. त्यात नत्राच्या मानाने कर्ब कमी, वाळल्या पानांत नेमका उलटा प्रकार. दोन्ही एकत्र आले की कुजण्याची क्रिया झकास चालते. आणि वाळला पाला तर सोसायटीच्या झाडलोटीत पोत्याने निघतो आणि कोपऱ्यात पेटवला जातो! तो घरी आणा. खताच्या डब्यात पाला, भाजीची देठे-साले आणि चोथा यांचे थर द्या. चोथा एकूण ढिगाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त नको. माल पिळलेल्या फडक्याइतका ओला ठेवा, अधूनमधून खालीवर करा. कॉफीचा वास जाऊन पावसाळी मातीचा वास येऊ लागला, पाने ओळखू येईनाशी झाली, की खत तयार समजावे. गांडुळेही चोथा खातात, पण थोडाथोडा द्यावा.

यात फिल्टर कॉफीवाले चहावाल्यांहून सुदैवी. चहा आपण दूध-साखरेसकट उकळतो; तो चोथा न धुता डब्यात गेला की मुंग्या नि आंबूस वास ठरलेला. डिकॉक्शनच्या चोथ्याला दुधाचा स्पर्शही झालेला नसतो, त्यामुळे तो थेट खताच्या डब्यात जाऊ शकतो.

तेव्हा उद्या सकाळी फिल्टर रिकामा कराल तो खताच्या डब्यात करा, आणि गुलाबाला तोवर मुरलेले शेणखत घाला.