घरीं संगीत ऐकावयाचें तर

सहामाही परीक्षेचा निकाल पाहण्यास आलेल्या एका पालकांनीं आम्हांस विचारलें, "सर, मुलाला गाण्याची फार आवड. चांगला हेडफोन मागतो आहे. हल्लीं बिनतारी आणि बाहेरचा आवाज अजिबात येऊं न देणारे मिळतात. तोच घेऊं ना?" प्रश्न साधा होता, पण त्याचें उत्तर उभ्याउभ्या देतां आलें नाहीं. हाच प्रश्न इतर घरांतहि निघत असेल, म्हणून आमचें मत येथें मांडीत आहों. तें थोडक्यांत असें कीं, घरीं स्वस्थ बसून संगीत ऐकावयाचें असेल, तर बेताच्या किंमतीचा, तारेचा व उघड्या पाठीचा हेडफोन घ्यावा.

उघडी पाठ म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. हेडफोनांतील पातळ पडदा मागें-पुढें हलतो व हवेंत लाटा उठवितो. पुढची लाट कानांत जाते. मागचीनें कोठें जावें? बंद हेडफोनांत ती वाटींतच कोंडली जाते आणि तिचा कांहीं अंश आपटून पुन्हां मूळ सुरांत मिसळतो. उघड्या पाठीच्या वाटीस जाळी असते, म्हणून ती लाट बाहेर निघून जाते. त्यामुळें गाणें डोक्यांत कोंबल्यासारखें न वाटतां मोकळ्या जागेंत चालल्यासारखें वाटतें. तंबोऱ्याची जवारी, गायकाचा श्वास, तबल्याची आस हीं निरनिराळीं ओळखूं येतात. जर्मनींतील सेनहायझर कंपनीनें १९६८ सालीं एचडी ४१४ नांवाचा या जातीचा हेडफोन बाजारांत आणला, तेव्हांपासून ही रीत रूढ झाली. मात्र खर्जाचा दणका या जातींत बहुधा कमी असतो. ज्यांस तोच प्रिय असेल त्यांची येथें निराशा होईल.

आम्ही स्वतः या मताला आलों तें केवळ सुरांच्या गोडीनें नव्हे. कांहीं वर्षांपूर्वीं एका रविवारीं दुपारीं आम्ही बंद हेडफोन लावून गाणें ऐकत बसलों होतों. आंतल्या खोलींत आमचे वृद्ध वडील पाय घसरून पडले. त्यांनीं तीन-चार वेळां हांक मारली. आम्हांस ती ऐकूं आली नाहीं. शेजारच्या काकू धांवून आल्या, तेव्हां आम्हांस कळलें. सुदैवानें मोठी इजा झाली नाहीं. वडील एक शब्दहि बोलले नाहींत, पण तो हेडफोन पुन्हां घरांत लावावा असें आम्हांस वाटलें नाहीं.

त्यानंतर उघड्या पाठीचा घेतला, आणि तेथेंहि प्रथम फसलों. पेटीवर २५० ओहम असें छापलें होतें. तिकडे लक्ष न देतां मोबाईलला जोडला, तों आवाज अगदीं क्षीण! माल सदोष आहे असें समजून दुकानदाराशीं वाद घातला. दोष मालाचा नव्हता, आमच्या अज्ञानाचा होता. ओहम म्हणजे विद्युत्प्रवाहास होणारा विरोध. तो २५० किंवा ३०० असेल, तर बहुधा निराळा अँप्लिफायर लागतो, आणि स्वस्तांतला सौदा महाग पडतो. ३२ पासून ६० ओहमपर्यंतचे हेडफोन सामान्यतः मोबाईलवर नीट चालतात. १९८४ सालीं निघालेला कॉस कंपनीचा पोर्टा प्रो ६० ओहमचा आहे. मात्र ओहमइतकीच संवेदनक्षमताहि पाहावी. ती कमी असली तर ओहम कमी असूनहि आवाज दबतो. ज्या मोबाईलला गोल छिद्र नाहीं, त्यास लहानसा जोडतुकडा लागतो, त्याचाहि खर्च हिशोबांत धरावा.

तार कशासाठीं, असें मुलें विचारतील. बिनतारी हेडफोनाच्या किंमतींत बॅटरी व रेडिओयंत्र यांचाहि भाग असतो, आणि बॅटरी कांहीं वर्षांत थकतेच. तारेच्या हेडफोनांत पुष्कळसा पैसा आवाजावर खर्च होतो. तार बहुधा प्रथम नादुरुस्त होते, म्हणून ती काढून दुसरी लावतां येईल, आणि कानांवरील गाद्याहि बदलतां येतील, असाच पाहावा. दुकानांत ओळखीचें गाणें लावून ऐकावा; दोन हेडफोन ताडतांना आवाज सारखा ठेवावा, कारण मोठा आवाज कानास उगीच अधिक गोड वाटतो. निदान पाव तास डोक्यावर ठेवावा. चष्मा असेल त्यानें तर अवश्य.

आतां विरुद्ध बाजू. हा हेडफोन बाहेरचा आवाज थोपवीत नाहीं आणि आंतलाहि राखीत नाहीं. एकाच खोलींत धाकटी बहीण अभ्यास करीत असेल, तर तिला तो त्रासच होय. घर वाहत्या रस्त्यावर असेल, तर गलका बुडविण्यासाठीं मुलगा आवाज वाढवील, आणि हें सर्वांत वाईट. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणें प्रौढांनीं ८० डेसिबल आवाज आठवड्यांत ४० तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठीं हीच मर्यादा ७५ डेसिबलची आहे. आवाज तीन डेसिबलनें वाढला कीं सुरक्षित वेळ निम्मा होतो. अंतःकर्णांतील सूक्ष्म केसपेशी एकदां मेल्या म्हणजे माणसांत पुन्हां उगवत नाहींत. तेव्हां अशा घरांनीं बंद हेडफोनच घ्यावा व आवाज बेतानें ठेवावा. आमचा त्यास विरोध नाहीं.

परंतु ज्या घरांत संध्याकाळीं थोडी शांतता लाभते, तेथें आमचें मत कायम आहे. बाहेरचें ऐकूं येतें हा या वस्तूचा दोष म्हणून सांगतात. घराच्या दृष्टीनें तोच आम्हांस तिचा गुण वाटतो. विद्यार्थिमित्रांनो, संगीत मन लावून ऐका; पण आईची हांक, दाराची कडी आणि आजोबांचा खोकला यांना तुमच्या कानांत जागा राहूं द्या.