फळीचा हिशेब

भगवान ऋषभदेवांनी मानवाला उपजीविकेसाठी असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही षट्कर्मे शिकविली, असे आपली परंपरा सांगते. शिरूर आणि दौंड परिसरातील आपल्या कुटुंबांनी त्यांपैकी प्रामुख्याने दोन सांभाळली : मसि आणि वाणिज्य. वही आणि तराजू हीच आपली अवजारे झाली. शिल्प आपण आदराने विकत घेतले, पण घरात फारसे येऊ दिले नाही. आता नवी पिढी ते दार ठोठावू लागली आहे, आणि ते उघडावे की नाही या विचारात वडीलधारी मंडळी पडली आहेत.

दौंड परिसरातील एका परिचित कुटुंबात सध्या असाच पेच आहे. मुलगा अभियंता. दोन वर्षे पुण्यात नोकरी केली आणि आता म्हणतो, "मला अस्सल लाकडाचे लाँगबोर्ड हाताने घडवून विकायचे आहेत. दोन लाख रुपये द्या." वडिलांचे उत्तर ठरलेले : "रंधाच मारायचा होता तर इंजिनीअर कशाला केले?" आई मध्ये सापडली. प्रकरण माझ्याकडे आले ते मी बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात आयुष्य घालविले म्हणून. पैसे द्यावेत की नाही, हे एका शब्दात सांगावे, अशी त्यांची अपेक्षा होती. एका शब्दात सांगण्याजोगा हा विषय नाही.

प्रथम वस्तू समजून घेऊ. लाँगबोर्ड म्हणजे लांब स्केटबोर्ड. साधारण तीन ते साडेतीन फूट लांब आणि नऊ इंच रुंद अशी फळी, तिच्याखाली दोन ट्रक आणि चार चाके. इथे ट्रक म्हणजे मालमोटार नव्हे; आस धरून ठेवणारा आणि शरीराचा तोल झुकेल तसा वळणारा धातूचा सांगाडा. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १९५० च्या दशकात समुद्राच्या लाटांवर फळी चालविणाऱ्या तरुणांनी रोलर स्केटची चाके साध्या लाकडी फळीला ठोकली आणि या खेळाचा प्रारंभ झाला. पुढे १९७० च्या दशकात युरेथेनची चाके आली आणि खेळ सुरक्षित व वेगवान झाला. टोकियो ऑलिंपिकपासून स्केटबोर्डिंग हा ऑलिंपिकचा खेळ आहे. आपल्या पुण्याची श्रद्धा गायकवाड हिने २०२२ मध्ये गुजरातेत झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत या खेळाचे सुवर्णपदक मिळविले. तेव्हा हा केवळ श्रीमंतांच्या मुलांचा चाळा आहे, असे आता म्हणता येणार नाही.

कारखान्यातील स्केटबोर्ड बहुधा मेपल वृक्षाच्या सात पातळ पापुद्र्यांना चिकटवून, दाबून तयार होतो. काही पापुद्र्यांची रेषा उभी आणि काहींची आडवी ठेवल्याने फळी सहजासहजी चिरत नाही. हाताने घडविणाऱ्याला अस्सल लाकडात हे बळ दुसऱ्या मार्गाने आणावे लागते, आणि खरी परीक्षा तिथेच आहे. लाकूड रेषेच्या दिशेने चिरते, हे प्रत्येक सुतार जाणतो. म्हणून एकच रुंद फळी घेण्याऐवजी अरुंद पट्ट्या उभ्या कापून, त्यांच्या वर्तुळरेषांची दिशा आलटूनपालटून ठेवून त्या जोडाव्यात. गाठ मध्यभागी येऊ देऊ नये. तिरप्या रेषेचा तुकडा सरळ बाजूला काढावा. जाडीचे गणितही ध्यानात ठेवावे. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. पाऊण इंचाची फळी एक इंचाची केली, तर वजन एक तृतीयांशाने वाढते, पण ताठपणा सुमारे २.४ पट होतो. म्हणजे जाडीतला थोडासा फरक फळीचा स्वभावच बदलतो.

हे ज्ञान आपल्या भागाला परके नाही. बैलगाडीचे चाक बाभळीच्या लाकडाचे असे. तुंबा, त्यात ठोकलेले आरे आणि त्यांवर तापवून चढविलेली लोखंडी धाव. धाव थंड झाली की आवळते आणि सारे चाक एकजीव होते. कोणती बाभूळ कधी तोडावी, किती वाळवावी, कोणता तुकडा धक्का सोसेल आणि कोणता दगा देईल, हे गावचा सुतार हात फिरवून सांगे. गाड्यांना रबरी टायर आले, मग ट्रॅक्टर आला आणि ती विद्या वापराविना राहिली. या तरुणाने इंटरनेटवर शेकडो चित्रफिती पाहिल्या आहेत. मी त्याला सांगितले की, त्यांच्या जोडीला आपल्या तालुक्यातील एखाद्या वृद्ध सुताराच्या पायाशी तीन महिने बस. पुण्यातील वायुदलाचे निवृत्त अधिकारी शशिशेखर पाठक यांनी 'बांबूची' या नावाने बांबूच्या सायकली हाताने घडविल्या. परिचित लाकूड आणि नवे वाहन यांचा मेळ बसतो, याचे हे जवळचेच उदाहरण.

आता आपल्या मुख्य विषयाकडे येऊ. असा उद्योग करू पाहणाऱ्या मुलाला जैन व्यापारी घराने तीन प्रश्न विचारावेत, असे मला वाटते.

पहिला प्रश्न : लाकूड कोठून आणणार? श्रावकाच्या सातव्या व्रताच्या संदर्भात जी पंधरा कर्मादाने सांगितली आहेत, त्यांत वनकर्म आहे आणि शकटकर्मही आहे. म्हणजे जंगलतोडीवरची उपजीविका आणि गाड्या घडवून विकण्याची उपजीविका. ही फळी कोणत्याही पशूच्या मानेवर जू ठेवीत नाही, माणूसच तिला स्वतःच्या पायाने ढकलतो, हे खरे. तरीही शंका असेल तर गुरुमहाराजांना विचारून निर्णय घ्यावा. वनकर्माच्या बाबतीत मात्र मार्ग स्पष्ट आहे. हिरवे झाड तोडायचे नाही. गावोगावी जुने वाडे उतरविले जात आहेत. त्यांचे सागवानी वासे, तुळया आणि दारांच्या चौकटी विक्रीला येतात. या लाकडाने अनेक दशकांचे ऊन-पाऊस पाहिलेले असतात. नवे लाकूड नैसर्गिक रीतीने वाळवायचे तर इंचभर जाडीला सुमारे एक वर्ष, असा ढोबळ आडाखा आहे. तेवढा काळ भांडवलही वखारीत वाळत पडते. जुन्या लाकडात तो काळ आधीच सरलेला असतो. इथे अहिंसा आणि अर्थशास्त्र एकाच बाजूला उभे राहतात.

काही पथ्ये मात्र आहेत. वाळवी किंवा भुंगा लागलेला वासा घेऊ नये. त्यात जीव आहेत आणि बळ नाही. धर्म आणि व्यवहार दोन्ही नको म्हणतात. रंध्याला लावण्यापूर्वी लोहचुंबक फिरवून खिळे शोधावेत. दौंड हे रेल्वेचे गाव, तेव्हा जुने लाकडी स्लीपर स्वस्तात मिळाले तर मोह होईल. पण त्यांत सहसा क्रिओसोट हे विषारी डांबरी तेल मुरविलेले असते. ते कापू नयेत. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत यंत्रांची लाकडी खोकी येतात. ते बहुधा मऊ पाइन असते, माणसाचा भार झेलण्याच्या कामाचे नव्हे. परदेशी खोक्यांवरील शिक्क्यात 'एमबी' ही अक्षरे असतील तर त्यावर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया झालेली असते, हेही ठाऊक असावे.

आणि कोणी पावतीविना स्वस्त सागवान देऊ केले तर? अचौर्य व्रताच्या अतिचारांत चोरीचा माल घेणे आणि राज्याचे नियम ओलांडणे हे दोन्ही मोजले आहेत. महाराष्ट्रात खासगी जमिनीवरील सागही परवानगीशिवाय तोडता येत नाही. १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा त्यासाठीच आहे. शिसवीची फळी परदेशी पाठवायची असेल, तर शिसवी आणि शिसम यांच्या साऱ्या कुळावर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराची बंधने आहेत, हे आधी पाहावे. वाड्याच्या लाकडाचीही मालकाकडून लेखी पावती घ्यावी.

दुसरा प्रश्न : जोडायला आणि चमकवायला काय वापरणार? हा प्रश्न बाहेरचा कोणी विचारणार नाही. आपण विचारायलाच हवा. सुताराचा पारंपरिक सरस हा जनावरांच्या कातडी-हाडांपासून होतो. लाखेचे पॉलिश लाखेच्या किड्यांच्या स्रावापासून येते, आणि लाक्षावाणिज्य हे तर पंधरा कर्मादानांपैकीच एक. मधमाश्यांच्या मेणाबद्दल सांगायला नको. सुदैवाने पर्याय हाताशी आहेत. बाजारातील पांढरा कृत्रिम गोंद प्राण्यांपासून बनत नाही. त्याचा पाण्यात टिकणारा प्रकार घ्यावा. वरून उकळलेले जवसाचे तेल पातळ हाताने तीन-चार वेळा चोळले तर लाकडाचा मूळ रंग खुलतो. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून टाकू नयेत. त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

याच प्रश्नाला जोडून सचोटीचा मुद्दा येतो. प्लायवूडवर सागाचा पापुद्रा लावून 'अस्सल सागवान' म्हणणे हा प्रतिरूपक व्यवहार झाला, तोही अचौर्याचा अतिचार. इथे तर त्यात ग्राहकाच्या हाडांचा प्रश्न आहे. प्रत्येक फळी विकण्यापूर्वी दोन ठोकळ्यांवर ठेवून, स्वाराच्या वजनाच्या दुप्पट भार द्यावा. आपल्या घरी धान्याची पन्नास किलोची पोती आहेतच. रात्रभर भार ठेवून सकाळी उतरविल्यावर फळी पूर्ववत सरळ झाली नाही किंवा बारीक चीर दिसली, तर ती फळी विकू नये. तिचे फडताळ करावे. आणि शिरस्त्राणाविना चालवू नका, हे ग्राहकाला बजावून सांगावे.

तिसरा प्रश्न : स्वतःच्या हाताची मजुरी धरली का? या तरुणाने मला आपला हिशेब दाखविला. आकडे केवळ समजण्यासाठी घेऊ. पाव घनफूट लाकूड ७५० रुपये, ट्रक-चाके-बेअरिंगचा संच ४,००० रुपये, गोंद-तेल-खरखरीत पट्टी ४०० रुपये. एकूण ५,१५०. विक्री ६,०००. नफा ८५०. चेहऱ्यावर समाधान.

मग आम्ही वही पुन्हा लिहिली. एका फळीला चौदा तास लागतात. तासाला १५० रुपये धरले तर २,१०० रुपये मजुरी. जागा, वीज, अवजारांची झीज यांचे ५००. बेरीज ७,७५० झाली. दहांतील एक फळी भाराच्या परीक्षेत बाद होणार असे मानू. तिचा संच वाचेल, पण लाकूड, गोंद, मजुरी आणि जागा मिळून ३,७५० रुपये बुडतील. ते उरलेल्या नऊंवर वाटले तर प्रत्येकी सुमारे ४१७. खरी किंमत ८,१६७ रुपये. म्हणजे ६,००० ला विकलेल्या प्रत्येक फळीमागे २,१६७ रुपयांचा तोटा, आणि तो दिसत नव्हता, कारण तो मुलाच्या स्वतःच्या घामातून वजा होत होता. अनेक हस्तोद्योग असेच हसत हसत बुडतात. मालकाची मजुरी फुकट धरली की वही खोटे बोलू लागते.

मुलगा हिरमुसला नाही, हे मला आवडले. त्याने विचारले, "काका, मग ९,५०० ला कोण घेईल?" मी म्हटले, हाच खरा प्रश्न, आणि त्याचे उत्तर घरात बसून मिळणार नाही. कारखान्याच्या मालाशी स्वस्ताईत स्पर्धा करायची नाही. 'ही फळी कोणत्या वाड्याच्या वाशाची, कोणत्या वर्षी उतरविलेली, हिच्यासाठी झाड तोडले नाही, हिच्यात प्राणिज द्रव्य नाही' हे लिहून देता आले, तर तिची किंमत देणारे ग्राहक पुण्या-मुंबईत शोधता येतील. नुसते बोलून भागणार नाही. प्रत्येक शब्दामागे पावती हवी.

वडिलांना मी लेखी सल्ला दिला तो असा. दोन लाख आत्ताच देऊ नयेत. प्रथम सहा फळ्यांपुरते भांडवल द्यावे आणि ते कर्ज म्हणून, व्याजासह, वहीत नोंदवून द्यावे. सहापैकी चार तरी नातेवाइकांबाहेर पूर्ण किमतीला विकल्या गेल्या, तर पुढचा टप्पा. त्यानंतर बँकेकडे मुद्रा योजनेत जावे. तीत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाविना मिळते. ज्या सुताराकडून विद्या घ्यायची त्याचे नाव पीएम विश्वकर्मा योजनेत नोंदविण्यास मुलाने मदत करावी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या या योजनेच्या अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे. पहिले कर्ज एक लाख रुपयांपर्यंत, पाच टक्के व्याजाने, विनातारण. गुरुदक्षिणेचा हा आजचा प्रकार समजावा. आणि सुताराच्या कामाचे दाम दर आठवड्याला चुकते करावेत.

वडिलांनी कागद वाचला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी इतकेच विचारले, "सहा फळ्यांचे व्याज किती लावू?" त्या प्रश्नात होकार होता.

वाचकहो, आपल्या घरी असा प्रश्न लाकडाचा नसेल. मातीचा असेल, सुताचा असेल, एखाद्या मुलीच्या छपाईच्या कपड्यांचा असेल. हसून उडवू नका आणि लाडाने पैसेही ओतू नका. वही पुढे ठेवा आणि तीन प्रश्न विचारा : माल कोठून आला, त्यात काय मिसळले, आणि हाताचे मोल धरले का? ज्याला या तिन्हींची उत्तरे देता येतात, त्याच्या हातात रंधा असला तरी तो आपलाच वारसा चालवीत आहे.

जय जिनेंद्र.