स्कॅन निर्दोष, मूल मात्र बदललेले

क्रिकेटच्या मैदानावर चेंडू हेल्मेटवर आदळला की खेळ थांबतो आणि खेळाडूला ‘कन्कशन’, म्हणजेच मेंदूला धक्का, झाला आहे का याची तपासणी होते. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने २०१९ पासून अशा खेळाडूऐवजी बदली खेळाडूची तरतूद केली. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेरा येथे रवींद्र जडेजाच्या जागी युजवेंद्र चहल गोलंदाजीस आला, तेव्हा ही संज्ञा भारतात चर्चेत आली. सायकलवरून किंवा जिन्यावरून पडलेल्या शाळकरी मुलाच्या वाट्याला मात्र अशी दक्षता क्वचितच येते.

सीटी स्कॅनचा अहवाल निर्दोष आला की पालक निश्चिंत होतात. गफलत येथेच होते. स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा कवटीचा अस्थिभंग दिसतो. कन्कशनमध्ये बिघडते ते मेंदूचे कार्य, आणि ते नेहमीच्या स्कॅनमध्ये उमटत नाही. डोकेदुखी किंवा चक्कर मूल बोलून दाखवते. उदासी, चिंता व चिडचीड यांना मात्र त्याच्यापाशी अनेकदा शब्द नसतात. त्या वागण्यातूनच प्रकट होतात.

लहान मूल आईला बिलगून राहते, विनाकारण रडते, झोपेत दचकते. मोठे मूल मित्रांना टाळते, आवडत्या खेळातून मन काढून घेते, क्षुल्लक कारणावरून संतापते. घरात हा हट्ट ठरतो, शाळेत अभ्यासचुकारपणा. शिक्षा झाली की मूल अधिकच मिटते. म्हणूनच तुलना इतर मुलांशी नव्हे, तर दुखापतीपूर्वीच्या त्याच मुलाशी व्हायला हवी.

हा प्रश्न काल्पनिक नाही. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात ५ ते १८ वर्षे वयाच्या मुलांवर झालेला मोठा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. हाडांची दुखापत झालेल्या मुलांच्या तुलनेत कन्कशन झालेल्यांमध्ये मानसिक आरोग्याच्या तक्रारींचा धोका सुमारे ४० टक्के अधिक आढळला. अर्थात, बहुतेक मुले साधारण चार आठवड्यांत बरी होतात. आधीपासून चिंता किंवा नैराश्याचा त्रास असलेल्या मुलांवर मात्र अधिक लक्ष ठेवणे आवश्यक असते.

उपचारांविषयीची समजूतही बदलली आहे. मुलाला आठवडेच्या आठवडे अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवणे हितावह मानले जात नाही. पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती, नंतर हलकी हालचाल आणि टप्प्याटप्प्याने शाळा, हा आजचा वैद्यकीय सल्ला आहे. मित्रांपासून दीर्घकाळ तुटलेपण उदासी वाढवू शकते. वारंवार उलट्या, आकडी, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी दिसल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. स्वतःला इजा करण्याची भाषाही तितकीच गंभीर मानावी. मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

२०१३ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब या चार गटांभोवती आखलेला आहे. दुखापतीनंतरचा पाठपुरावा हा त्यात स्वतंत्र गट नाही. ती उणीव भरून काढण्यास मोठा खर्च लागणार नाही. रुग्णालयाने घरी सोडताना पालकांच्या भाषेत लिहिलेली सूचना द्यावी, पालकांनी ती वर्गशिक्षकांना दाखवावी आणि महिनाभर दोघांनी मुलाच्या वागण्याची नोंद ठेवावी. जखम दिसत नसली, तरी ती ओळखणारे डोळे घरात आणि वर्गातच आहेत.