नववीचा उन्हाळा आणि निवडीचा अधिकार

विदर्भातील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे मिळणाऱ्या जूनच्या पहिल्या तीन आठवड्यांत आपल्या विद्यालयात नववीत प्रवेश करणाऱ्या मुलामुलींसाठी उन्हाळी वर्ग भरतो. सकाळी सात ते साडेअकरा अशी त्याची वेळ असते. पहिला दीड तास गणित आणि इंग्रजीच्या उजळणीला दिलेला आहे. उरलेल्या वेळात विद्यार्थी गावाचा इतिहास, पाली भाषेची तोंडओळख, विजेची घरगुती कामे, शिवणकाम आणि नाटक-जलसा या पाच विषयांपैकी स्वतः निवडलेला एक विषय शिकतो. या विषयाची परीक्षा नाही आणि गुणपत्रिकेत त्याची नोंदही होत नाही.

अलीकडे पालकसभांतून आणि आम्हा शिक्षकांच्या बैठकींतूनही एक सूचना वारंवार पुढे येत आहे. हे ऐच्छिक विषय बंद करावेत आणि तीनही आठवडे नववीच्या अभ्यासक्रमालाच द्यावेत, अशी ती सूचना आहे. ती मांडणारी माणसे विद्यालयाच्या हिताचीच आहेत. तथापि ही सूचना स्वीकारू नये असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते या स्मरणिकेच्या निमित्ताने सर्वांसमोर मांडणे मला कर्तव्य वाटते.

प्रथम विरुद्ध बाजूला न्याय दिला पाहिजे. आपल्याकडे येणाऱ्या मुलांपैकी अनेकांच्या घरात नववीची पायरी चढणारे तेच पहिले असतात. आठवी उत्तीर्ण झालेल्या मुलाला अपूर्णांकांची बेरीज येत नाही, इंग्रजीचा एक परिच्छेद वाचताना त्याला घाम फुटतो, हे आम्ही रोज पाहतो. शहरातील खाजगी शिकवण्या एप्रिलमध्येच नववीचे धडे सुरू करतात. अशा वेळी आपल्या मुलांनी जलसा बसवावा किंवा वायरी जोडाव्यात, ही चैन आहे असे एखाद्या पालकाला वाटले, तर त्यात त्याचे काय चुकले? त्याच्या मनात मूल मागे पडण्याची भीती आहे आणि ती भीती अनुभवातून आलेली आहे.

परंतु इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या भीमरावांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्याला संस्कृत शिकवले जाणार नव्हते, म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले ते फारसी घेऊन. पुढे संस्कृतचे अध्ययन त्यांनी स्वतःच्या परिश्रमाने केले. हा प्रसंग आपण जयंतीच्या भाषणांतून अन्यायाचे उदाहरण म्हणून सांगतो आणि ते योग्यच आहे. मात्र त्या अन्यायाचे स्वरूप नेमके काय होते, याचा विचार आपण क्वचितच करतो. शाळेचे दार त्यांच्यासाठी उघडले होते, फी भरली जात होती, परीक्षेलाही बसता येत होते. नाकारली गेली ती विषयाची निवड. म्हणजे शिक्षण मिळाल्यानंतरही ‘तू काय शिकावेस हे आम्ही ठरवू’ असे म्हणणारी सत्ता शिल्लक होतीच.

त्याच विद्यार्थ्याला १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात पाऊल ठेवल्यावर मोकळे आकाश मिळाले. तेथील त्यांच्या अभ्यासक्रमांची यादी पाहण्यासारखी आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि फ्रेंच व जर्मनचा प्राथमिक असा एकेक. मुख्य विषय अर्थशास्त्र. पण जातिसंस्थेवरील त्यांचा पहिला निबंध १९१६ साली वाचला गेला तो मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. मुख्य विषयाच्या चौकटीबाहेर जाण्याची मुभा नसती, तर तो निबंध त्या वेळी, त्या रूपात लिहिला गेला असता का, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाने स्वतःला विचारावा.

आता आपल्या मुलांकडे वळू. चौदा वर्षांच्या वसतिगृहातील मुलाच्या आयुष्यात निवड कोठे आहे? उठण्याची घंटा ठरलेली, ताटातील भाजी ठरलेली, गणवेश ठरलेला. हिंदी संपूर्ण की संस्कृतसह संयुक्त, हा पर्याय कागदावर असतो. प्रत्यक्षात शाळेत ज्या विषयाचा शिक्षक उपलब्ध, तोच विषय सर्वांना. वसतिगृहाला शिस्त हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु हेच मूल दोन वर्षांनी दहावीचा निकाल हाती घेऊन उभे राहते तेव्हा आपण त्याला सांगतो की, आठ दिवसांत ठरव : विज्ञान, वाणिज्य, कला की आयटीआय? ज्याने आजवर एकदाही काही निवडलेले नाही, त्याने आयुष्याची दिशा आठवड्यात निवडावी, ही अपेक्षा क्रूर आहे. मग ते मूल मित्र जातो तिकडे जाते, किंवा शिक्षक गुण पाहून बोट दाखवतात तिकडे. निवड ही सवयीने येणारी गोष्ट आहे. तिचा सराव करण्यासाठी नववीच्या उंबरठ्यावरचे तीन आठवडे फार नाहीत.

ऐच्छिक विषयांवर आणखी एक आक्षेप आहे आणि तो आपल्याच चळवळीतील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी घेतला. ते म्हणाले, “सर, त्यांच्या पोरांना आयआयटीची तयारी आणि आपल्या पोरांना वायरिंग अन् शिवणकाम? हे पुन्हा जुनेच झाले की!” हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी अशी योजना आणली होती की, मुलांनी निम्मा वेळ शाळेत बसावे आणि उरलेल्या वेळात आईबापांचा धंदा शिकावा. पेरियारांनी आणि द्रविड चळवळीने तिला कुलपरंपरेचे शिक्षण म्हणून प्रखर विरोध केला आणि १९५४ मध्ये ती रद्द झाली. तो विरोध शंभर टक्के योग्य होता, कारण तेथे मुलाने काय शिकावे हे त्याचा जन्म ठरवीत होता. म्हणूनच आपल्या यादीत विजेच्या कामांशेजारी पाली आणि इतिहास असणे अनिवार्य आहे; आणि कमी गुणांच्या मुलाला वायरिंगकडे व हुशार मुलाला पालीकडे ढकलण्याचा मोह शिक्षकाने कटाक्षाने टाळला पाहिजे. तो मोह आपल्याला होतो. हे मी स्वानुभवाने लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी एका मुलीने अर्जात ‘विजेची घरगुती कामे’ असे लिहिले. त्या गटात सगळी मुलेच होती. एकटी मुलगी कशी बसेल, या विचाराने मी तिचे नाव परस्पर शिवणकामात घातले. तिने एका शब्दानेही विरोध केला नाही आणि मीही ती घटना विसरून गेलो. पुढे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात ती भेटली. सर्वांची विचारपूस झाल्यावर तिने हसत हसत विचारले, “सर, तेव्हा आमच्याकडून अर्ज कशाला भरून घेतला होता?” मला उत्तर देता आले नाही. ती आज स्वतःच्या पायावर उभी आहे. माझ्या चुकीने तिचे आयुष्य बिघडले, असे नाही. पण हिंदू कोड बिलावर व्याख्याने देणाऱ्या शिक्षकाने एका चौदा वर्षांच्या मुलीला तिचे मत विचारले आणि ते न वाचताच बाजूला ठेवले, ही वस्तुस्थिती शिल्लक राहतेच. त्यानंतर मुलगी एकटी असली तरी तिने मागितलेला गट तिला मिळतो.

या वर्गातून काय निष्पन्न होते, असे कोणी विचारले तर मी गावाच्या इतिहासाच्या गटाचे उदाहरण देईन. या गटातील मुले आपापल्या गावातील शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये घरातील पहिले नाव शोधतात. आपल्या समाजात जुने रजिस्टर किंवा कोतवाल बुकाची नक्कल काढली जाते ती जातपडताळणीसाठी, १९५० पूर्वीचा पुरावा म्हणून. त्या कागदात आपला इतिहास आहे, हे कोणी मुलांना सांगत नाही. एका मुलाला त्यात आजोबांचे नाव सापडले. शाळा सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात दोनच शब्द होते : ‘सतत गैरहजर’. तो घरी गेला, आजीजवळ बसला आणि त्याने विचारले. आजोबा त्या वर्षी दुसऱ्याची गुरे राखायला राहिले होते. मुलाने चार पाने लिहून आणली. त्यातील एक वाक्य माझ्या लक्षात राहिले आहे : आजोबा शाळेत नव्हते हे रजिस्टरात लिहिले आहे, पण ते कुठे होते हे लिहिलेले नाही. लेखी साधने कोण लिहितो आणि त्यांत काय गाळले जाते, हे मला एम.ए.च्या वर्गात शिकावे लागले. त्या मुलाला ते आठवीच्या सुटीत आजीने शिकवले. चंद्रपूरला १६ ऑक्टोबर १९५६ रोजी झालेल्या धम्मदीक्षेला आईबापांचे बोट धरून गेलेली माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या आठवणी आपल्या मुलांनी आज लिहून घेतल्या नाहीत, तर उद्या कोण लिहिणार?

पायाभूत अभ्यासाचे काय, हा प्रश्न उरतोच. उजळणीचा दीड तास कमी करावा असे मी कधीही म्हणणार नाही. परंतु ऐच्छिक विषय गणिताचा शत्रू आहे, हा समज चुकीचा आहे. विजेच्या गटात मुले घरचे देयक आणतात. हजार वॅटची वस्तू तासभर चालली की एक युनिट, हे कळल्यावर शंभर वॅटचा दिवा किती तास चालेल, हे गणित त्यांना कोणी घालावे लागत नाही. इतिहासाच्या गटात सातबारा वाचताना हेक्टर आणि आर समोर येतात. चाळीस आर म्हणजे साधारण एक एकर, मग आपली शेती किती आणि वाटणी झाल्यावर काकांची किती? अपूर्णांकाला तोंड लपवणारी मुले या हिशेबावर तासभर वाद घालताना मी पाहिली आहेत.

वर्ग जसा आहे तसाच चालू ठेवावा, असेही माझे म्हणणे नाही. त्यात सुधारणा हव्यात. पहिले तीन दिवस प्रत्येकाने पाचही गटांत बसावे आणि त्यानंतर निवड करावी. न पाहिलेल्या गोष्टीची निवड ही निवड नव्हे. अर्जात विषयासोबत दोन ओळींचे कारण लिहावे. आठवड्यानंतर एकदा गट बदलण्याची मुभा असावी, कारण चुकीची निवड सुधारणे हेही शिक्षणच आहे. एखाद्या गटाला मागणी जास्त झाली तर गुणांवरून नव्हे, चिठ्ठ्या टाकून प्रवेश द्यावा. आपल्याकडील अनेक कुटुंबे मे महिन्यात तेंदूपत्त्यावर जातात आणि मुलांचेही हात त्या कामाला लागतात. म्हणून वर्ग जूनपूर्वी सुरू करू नये. मृगाचा पाऊस वेळेवर आला की पेरणीसाठी मुलांना घरी बोलावणे येते. अशा मुलाचे नाव न कापता ते परतल्यावर त्याला पुन्हा बसू द्यावे. नाही तर आपल्याही रजिस्टरात ‘सतत गैरहजर’ हे शब्द यायला वेळ लागणार नाही.

उन्हाळ्यात आपल्या समाजातील अनेक मुले दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिरातही जातात. तेथे त्यांना शील आणि वंदना शिकवली जाते. त्याचबरोबर केसपुत्त नगरीतील कालामांना भगवान बुद्धांनी केलेला उपदेशही त्यांच्या कानी पडतो : केवळ परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतात म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः तपासून, हितकारक आहे हे जाणून स्वीकारा. हा उपदेश विहाराच्या भिंतीवर लिहायचा आणि शाळेत मात्र मुलाचे सर्व तास आपणच भरून टाकायचे, यात विसंगती आहे. ‘बौद्धांची शाळा’ ही ओळख नावाने आणि प्रार्थनेने टिकत नाही. शाळा मुलाच्या विवेकावर किती विश्वास ठेवते, यावर ती टिकते.

म्हणून व्यवस्थापन मंडळाला माझी नम्र विनंती आहे की, ऐच्छिक विषयांचा हा वेळ अभ्यासक्रमाच्या हवाली करू नये. माजी विद्यार्थ्यांनाही विनंती आहे. तुमच्यापैकी कोणी वीजतंत्री आहेत, कोणी परिचारिका, कोणी न्यायालयात वकिली करतात, कोणी गाणी लिहितात. जूनमधील एक आठवडा या मुलांना द्या, म्हणजे पाचाचे सात विषय होतील. नववीत येणाऱ्या मुलाच्या हाती कोरा अर्ज देऊन ‘तुला काय शिकायचे आहे?’ असे विचारणारी शाळा आपल्या बापजाद्यांना लाभली नाही. तो अर्ज आपण देत राहू या, आणि मुलाने त्यावर जे लिहिले ते नीट वाचू या.