बोटाला लागलेला चेंडू



रब्बीची सुगी आटोपली, की गावोगाव शाळेच्या पटांगणात व्हॉलीबॉलची जाळी बांधली जाते. दोन खांब, एक जाळी, एक चेंडू. एवढ्यावर बारा मुले खेळतात. म्हणून हा खेळ खेड्याला मानवला. पण खेळता खेळता मुले आणखी काय शिकतात, तिकडे आपले लक्ष असते का?

या खेळात एक गोष्ट कित्येकदा पंचालाही दिसत नाही. पलीकडून स्मॅश येतो. आपला मुलगा अडवायला हात वर करतो. चेंडू रेषेबाहेर पडतो. तो बोटाला निसटता लागला असेल तर गुण समोरच्यांचा, नसेल तर आपला. आणि लागला की नाही, हे पक्के ठाऊक असते त्या मुलालाच.

मागे एका गावी कुमारांच्या सामन्यात मी पंच होतो. पाचवा सेट, १५ गुणांचा, १३-१३ बरोबरी. चेंडू बाहेर गेला, मी तसा निर्णय दिला. इतक्यात अडवणाऱ्या मुलाने हात वर केला. म्हणाला, "साहेब, माझ्या बोटाला लागला." मी निर्णय फिरवला. पुढचाही गुण गेला आणि त्याचा संघ हरला. त्याचे वडील सर्वांदेखत ओरडले, "तुला कुणी विचारलं होतं का?" पोरगा मान खाली घालून निघून गेला. त्याच्या पाठीवर हात ठेवायला मी पुढे झालो नाही, हे मला अजून खुपते.

काट्यावर कुणी वजनात मारले, शेजाऱ्याने बांध कोरला, तर आपण चार माणसे गोळा करतो. मग मुलाने खरे सांगितले तर राग का यावा?

एवढे करून पाहा. सरावातच शिस्त लावा : चेंडू ज्याच्या हाताला लागला, जो जाळीला लागला, त्याने आपणहून हात वर करायचा. पंचाला विचारायचे ते कर्णधारानेच, तेही शांतपणे. नियमच तसा आहे. सोबत्याची सर्व्हिस जाळीत गेली तर डोळे वटारायचे नाहीत, पुढच्या चेंडूला तयार राहायचे. सामना संपला की जाळीपाशी जाऊन समोरच्यांशी हात मिळवायचे. आणि मुलगा किंवा मुलगी हरून घरी आली, तर आधी भाकरी वाढा. मग विचारा, "समोरच्यांत चांगलं कोण खेळलं?"

तो मुलगा पुन्हा हात वर करील की नाही, हे त्या रात्री त्याच्या घरी ठरले असेल. तुमच्या घरी काय ठरते, ते तुम्ही पाहा.